ऱ्हासाची बाजू

पहिल्यांदा ऋजुताला वाटलं, निखतच कुठेतरी घसरली असणार. मुलगी नवीन होती, तुमसरहून रोज ये-जा करायची, आणि केंद्रात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. नव्या माणसाच्या हातून चुका व्हायच्याच.

"मॅडम, टेबल एकच आहे," निखत म्हणाली. "दोन वेगळ्या फंक्शनांत टाकलं, तर उत्तरं बरोब्बर उलटी येतात. जो माणूस इथे सगळ्यात वर, तो तिथे सगळ्यात खाली."

ऋजुता हसली. या खड्ड्यात प्रत्येक नवा माणूस एकदा तरी पडतोच, आणि त्याला हात देऊन वर काढायला तिला मनापासून आवडायचं. शाळेतल्या बाईंची मुलगी होती ती. समजावून सांगायची हौस तिच्या रक्तातच होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

"एका वर्गाचा निकाल डोळ्यांसमोर आण. ओळींमध्ये मुलं, रकान्यांमध्ये विषय, मध्ये मार्क. नुसते आकडे बघून डोकं चक्रावतं. पण एसव्हीडी चालवलं, की ते फंक्शन त्या तक्त्याचे तीन तुकडे करून हातात देतं. कारण एवढ्या मार्कांच्या मागे खऱ्या गोष्टी दोन-तीनच असतात. एक अभ्यासूपणा असेल, एक भाषेची ओढ असेल. कोणत्या मुलात त्या किती आहेत, ते पहिला तुकडा सांगतो. कोणत्या विषयाला त्या किती लागतात, ते तिसरा सांगतो. आणि त्यांचा जोर किती, ते मधला. तिघांचा परत गुणाकार केलास, की मूळ तक्ता जसाच्या तसा."

"पण अभ्यासूपणा हे नाव फंक्शन देतं?"

"छे! नाव आपण ठेवतो. आणि खरी गंमत तिथेच आहे. अभ्यासूपणा मोजला काय आणि आळस मोजला काय, रेघ एकच. कुठलं टोक हुशारीचं, ते त्या बिचाऱ्या फंक्शनला ठाऊकच नसतं. मुलांच्या तुकड्यातली चिन्हं उलटी केली आणि विषयांच्या तुकड्यातलीही केली, तर वजा गुणिले वजा अधिकच होतं. गुणाकार तोच येतो. म्हणून एक फंक्शन हे टोक वर ठेवेल, दुसरं ते. दोघंही बरोबर."

"म्हणजे आपण रोज गुणाकार करून पडताळा घेतो..."

"त्यात हे कधीच पकडलं जाणार नाही," ऋजुता म्हणाली. तिला मुलीचं कौतुक वाटलं.

भंडाऱ्याच्या या स्मृती-निदान केंद्रात वर्गाच्या जागी होती साठीपुढची माणसं आणि विषयांच्या जागी होत्या मनगटावरच्या पट्ट्याने टिपलेल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी: चालताना पाऊल किती रेंगाळतं, बोलताना शब्दाआधी किती थांबायला होतं, झोप कितीदा मोडते, नेहमीच्या रस्त्यावर माणूस कुठे घुटमळतो. एकेकटी यांतली कुठलीच गोष्ट काही सांगत नाही. पण तक्ता फोडला, की त्यातून एक सूर वर येतो, आणि तो स्मृतीच्या ऱ्हासाचा असतो. लक्षणं दिसू लागण्याच्या चार-पाच वर्षं आधीच तो ऐकू येतो. लक्षणांआधीच्या त्या वर्षांत दंडावर लावायची एक औषधी पट्टी आता निघाली होती. ती वेळेत लावली तर ऱ्हास थांबतो, उशीर झाला तर थांबत नाही. धडधाकट माणसाला मात्र ती सुस्त करते आणि त्याचे हात थरथरायला लावते. त्यामुळे कोणाला लावायची, यालाच सगळं महत्त्व.

"मग बाजू ठरवतं कोण?" निखतने विचारलं.

"प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे. ज्याची स्मृती खालावते आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असा एक माणूस धरायचा. तो ज्या टोकाला येईल, ते ऱ्हासाचं टोक. आम्ही त्याला खुंटी म्हणतो."

"एकच माणूस?"

"सुरुवातीला चौघे होते. डॉक्टरांनी निदान केलेले. पण ते पट्टाच घालत नसत. विसरायचे ना बिचारे! नोंदी अर्धवट येत आणि रात्रीचा प्रोग्रॅम अडून बसे. मग मी तात्पुरता नोंद क्रमांक एक धरला. त्या माणसाचा पट्टा एकदाही चुकत नाही. वेळेवर चार्ज करतो, वेळेवर घालतो, आठ महिन्यांत एक दिवस..."

ऋजुता बोलता बोलता थांबली.

आपण आत्ता काय बोललो, ते तिचं तिलाच ऐकू आलं. विसरभोळ्या माणसाची खूण म्हणून तिने जो निवडला होता, तो या कारणासाठी, की तो कधीच काही विसरत नाही.

"त्यांचं निदान कोणी केलं होतं, मॅडम?"

कोणीच नाही. नोंद क्रमांक एक म्हणजे दिवाकर लांजेवार. ऋजुताचे वडील. केंद्र उघडलं त्या दिवशी लेकीचा मान राहावा म्हणून सगळ्यांत आधी हात पुढे करणारा माणूस. ते विसरतात, हे ऋजुताला आईने सांगितलं होतं. आणि घरात आईचं म्हणणं अखेरचं असे. कुमुदबाई शाळेतली मराठी बोलायच्या, बाबा एसटी स्टँडवरची. आई ठासून बोलायची, बाबा छत्र्या हरवायचे. मग विसरतंय कोण, हे काय मशीनला विचारायला हवं?

निखतचा आवाज आता खाली आला होता. "मी तुम्हाला बोलवायला आले ते यासाठीच. या आठवड्यात मोठ्या दवाखान्यातून स्कॅनचे निकाल आले. सात जणांचा ऱ्हास पक्का झालाय. मी त्यांना आपल्या रेघेवर शोधलं." तिने पडदा वळवला. "सातही जण ठणठणीत टोकाला आहेत."

ऋजुताने ते सात ठिपके पाहिले. मग परत पाहिले. या टोकाला आणखी कोण आहे, हे बघायची तिला गरज नव्हती. ठणठणीत म्हणून जिल्ह्यातल्या पहिल्या पाचांत आई होती. निकाल आला तेव्हा कुमुदबाईंनी गल्लीत पेढे वाटले होते.

केंद्रप्रमुख डॉ. धोटे दुष्ट माणूस नव्हते, आणि तीच पंचाईत होती. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"एक वजाचं चिन्ह आहे ना?" ते म्हणाले. "लाव आणि मोकळी हो. उद्यापासून निकाल बदललेले येतील. आपण म्हणू, नवीन आवृत्ती आली, फेरतपासणी केली. लोकांना हळूहळू कळेल."

"सर, साडेतीनशेच्या वर माणसं पट्ट्या लावून बसलीत. धडधाकट माणसं! आणि ज्यांना लागायला हव्या होत्या..."

"त्यांना उद्यापासून लागतील. तेच म्हणतोय ना मी."

"आठ महिने गेले त्यांचे."

"ते तू गावभर सांगितल्याने परत येणार आहेत का?" धोटे जरा चिडले. "ऐक. बातमी फुटली की केंद्र बंद. मग पुढच्यांना कोण तपासणार? आणि तुझं काय होईल? वडिलांना खुंटी केलंस, निदान नसताना. हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला. निखतला. आता तुम्हाला."

"मग झालं तर," धोटे म्हणाले. "घरी जा. आराम कर. उद्या बोलू."

लाजिरवाणी गोष्ट ही, की क्षणभर ऋजुताला हायसं वाटलं. एक चिन्ह. बोटाचं काम. कोणाला कळणार नाही. मग आई आठवली, आणि ती पर्स उचलून बाहेर पडली.

घराचं दार कुमुदबाईंनी उघडलं. इस्त्रीची साडी, नीट चापून बसवलेले केस, आवाज खणखणीत. "बरं झालं आलीस. यांनी आज पुन्हा दूध ओट्यावर ठेवलं. नासलं सगळं. मी नसते तर या घराचं काय झालं असतं?"

आठ महिने ऋजुता दर रविवारी हेच ऐकत आली होती आणि 'हो ना गं आई' म्हणत आली होती. आज तिला पहिल्यांदा प्रश्न पडला, दूध ठेवलं कोणी असेल?

बाबा मागच्या अंगणात मटार सोलत बसले होते. हात थरथरत होते, दाणे ताटलीबाहेर पडत होते. ऋजुता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांची बाही वर सरकवली आणि दंडावरची पट्टी सोलून काढली.

"काहून?" बाबा म्हणाले. "सोमवारी बदलायची असते ना?"

"बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही. प्रोग्रॅम उलटा वाचत होता. माझी चूक."

दिवाकरराव दचकले नाहीत. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. "हं," ते म्हणाले. "कळलं म्हणजे तुले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले नाही तर कोणाले माहीत होणार? मधूनमधून सकाळी ती बॅग घेऊन शाळेत निघते. रिटायर झाली हे ध्यानातच नसते. मी फाटकापर्यंत पळतो अन् म्हणतो, अगं, मी सांगायचंच विसरलो, आज सुट्टी आहे. मग ती मले रागावते अन् घरात येते."

"आणि दूध?"

"जाऊ दे ना दूध."

"मग मला का नाही सांगितलंत?" ऋजुताचा आवाज चढला.

"सांगितलं होतं," बाबा शांतपणे म्हणाले. "पहिल्याच महिन्यात. तू काय म्हणाली होती?"

ऋजुताला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. बाबा, ज्याची स्मृती जाते त्याला दुसरेच विसरताहेत असं वाटतं, हे लक्षणच आहे, असं ती म्हणाली होती. केंद्राच्या माहितीपत्रकात ते वाक्य होतं. माहितीपत्रक तिनेच लिहिलं होतं.

"मग मी म्हटलं, असू दे," बाबा सांगत होते. "घरात कोणीतरी विसरभोळा लागतेच, तर मी होतो. तिले भेव तर वाटत नव्हतं. मस्त राहत होती. माह्यावर रागवायची, तिचा दिवस चांगला जायचा."

"अहो, पण औषध!" ऋजुता जवळजवळ ओरडलीच. "ही पट्टी तिच्या दंडावर असायला हवी होती! ती लावली असती तर आजार होता तिथेच थांबला असता!"

दिवाकररावांच्या हातातून शेंग खाली पडली.

"म्हणजे हे औषध खरंच लागू पडते?"

"पडतं."

"मले वाटलं..." त्यांनी पडलेल्या शेंगेकडे पाहिलं. "मले काही झालंच नव्हतं, त्यामुळे फरक पडायचा प्रश्न नव्हता. मले वाटलं, सरकारचं कायतरी आहे. पोरीची नोकरी आहे, म्हणून लावून घ्यायची. ऋजू, मी तिले लावली असती. चोरून लावली असती गं."

इतका वेळ ऋजुताला स्वतःचीच चूक दिसत होती. तिला उलटा निकाल मिळाला होता आणि तिने तो खरा मानला. बाबांना खरं ठाऊक होतं आणि त्यांनी ते मायेपोटी झाकून ठेवलं. दोघांनी मिळून आईचे आठ महिने घालवले होते. तिला रडू फुटलं.

"काय झालं?" कुमुदबाई मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "मला नीट सांग. इथे बस आणि सांग."

केंद्राचा नियमच तो होता. निकाल फोनवर द्यायचा नाही, कागदावर द्यायचा नाही. घरी जायचं, समोर बसायचं, माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं. हा नियम ऋजुताने कित्येक घरांत पाळला होता, आणि प्रत्येक घरात उलटं सांगितलं होतं. आता तिने आईला सांगितलं. सगळं. खुंटी, चिन्ह, सात ठिपके.

कुमुदबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आदर्श उत्तरपत्रिकाच चुकीची घेतलीस, आणि त्यावरून सगळ्या वर्गाचे पेपर तपासलेस."

"हो."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी शाळेत जायला निघते? खरंच?"

दिवाकररावांनी मान हलवली.

कुमुदबाई पायरीवर बसल्या. बसताना त्यांनी हाताने पायरी चाचपली, जणू ती तिथे आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मग त्या बोलल्या, तेव्हा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मला वाटायचं, अलीकडे घर मला फसवतंय. वस्तू ठेवते तिथे नसतात. म्हटलं, यांचाच घोळ असणार. यांना किती बोलले मी."

"बोलली तर बोलली," बाबा म्हणाले.

"आई, मला माफ कर," ऋजुता म्हणाली. "मी आजच डॉक्टरांशी बोलते. तुझी पट्टी उद्यापासून..."

"बाकीच्यांना सांगितलंस?"

ऋजुता ताटलीबाहेर पडलेले दाणे वेचू लागली.

"मी काय विचारते आहे?"

"नाही सांगितलं. धोटे सर म्हणतात, गुपचूप चिन्ह बदलायचं. नाहीतर केंद्र बंद पडेल. माझ्यावर केस होईल, आई."

कुमुदबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण नजर साफ होती. "माझी माफी मागण्यात वेळ घालवू नकोस, ऋजू. मी विसरून जाईन. ज्यांच्या लक्षात राहणार आहे, त्यांच्याकडे आधी जा."

बाबांनी तोंड फिरवलं. ऋजुता उठली.

फाटकापाशीच तिने निखतला फोन लावला. "ती ओळ बदलू नकोस. जशी आहे तशीच ठेव, तारखेसकट. लोकांना दाखवावी लागेल. आणि ज्यांना पट्टी द्यायला हवी होती, त्यांच्या घरी तू त्या-त्या भागातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकांना, घेऊन आत्ताच निघ. ज्यांना नको होती, त्यांच्याकडे मी जाते."

"आणि धोटे सर?"

"त्यांना मी वाटेतून फोन करते. परवानगी मागायला नाही, कळवायला."

पहिलं घर गांधी चौकामागे होतं, गणवीर टेलरचं. सहा महिन्यांपूर्वी याच घरात, याच सतरंजीवर बसून ऋजुताने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, की काका, आता हळूहळू एकेक काम सोडत चला. त्यांनी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. शिकलेली मुलगी सांगते आहे म्हटल्यावर काय विचारायचं!

तिने कडी वाजवली. दार उघडलं ते गणवीर काकांनीच. अंगावर धुतलेला सदरा, दंडावर पट्टी. तिला बघताच ते ताठ उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

"या मॅडम, या! तुम्ही विचारू नका, मीच सांगतो. आज गुरुवार. तारीख सतरा. काल रात्री वांग्याची भाजी होती. धाकट्या नातवाचं नाव सम्यक." एका दमात म्हणून झाल्यावर त्यांनी मागे बायकोकडे पाहिलं. तिने हसून मान डोलावली. "रोज सकाळी पाठ करतो. ही घोकून घेते. चुकलं का कुठे?"

"नाही काका," ऋजुता म्हणाली. "काहीच चुकलं नाही. तुमचं कधीच काही चुकलं नव्हतं. तुम्हाला कुठलाही आजार नाही. चुकले ते मी. मशीनचा निकाल मी उलटा वाचला."

काकांना ते कळायला वेळ लागला. आधी ते हसले. मग त्यांनी आपले थरथरणारे हात वर करून पाहिले.

"मग हे?"

"पट्टीमुळे होतं. काढली की थांबेल."

गणवीर काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. काकांनी मात्र हात खाली घेतले, आणि खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आता काही नव्हतं. फक्त फरशीवर, जिथे वर्षानुवर्षं शिलाई मशीनचे पाय टेकले होते, तिथे चार गंजके डाग होते.

"मॅडम," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर ऋजुताला तो सोसता आला असता. "मग माही मशीन मी काहून देऊन टाकली?"